हात हलला तरी चालेल!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? रागावणार नाही ना? तुमच्या घरच्या फोटोंमध्ये तुमच्या सासूबाई कुठे आहेत? तुमची आई कुठे आहे? लग्नकार्यात पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, ताठ बसलेल्या असतील. पण रोजच्या? भाजी निवडताना, नातवाला भरवताना, दुपारच्या वाती वळताना? बघा जरा आठवून. मी आठवून बघितलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून तर आज हे लिहायला बसले आहे.

आम्ही चिपळूणचे. बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर आहे. २२ जुलै २०२१ हा दिवस आमच्या गावात कुणी विसरायचं नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. देव घेतले, सासूबाईंची औषधं घेतली, तांदळाचा डबा दोघांनी मिळून जिन्यावर चढवला. खालच्या खोलीतल्या कपाटातले अल्बम मात्र कुणाच्या ध्यानातच आले नाहीत.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखल. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून गेलेली. मी घाईघाईने फोटो सोडवायला गेले तर बाई गं, कागदावरची तोंडंच सुटून आली! नंतर कळलं की ओले फोटो चिकटलेले तसे वाळू द्यायचे नसतात, ओढायचे तर नसतातच. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलके हलके वेगळे करायचे आणि एकेक करून सावलीत वाळवायचे. पण तेव्हा घरात प्यायला पाणी नव्हतं, तर फोटोंना कुठून आणणार? सासूबाईंच्या लग्नाचा एकुलता एक फोटो त्यात गेला. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी जेवता जेवता एवढंच म्हणाल्या, "आता मी कशी दिसत होते ते मलासुद्धा कळायचं नाही."

मी मनाशी ठरवलं, कशा दिसत होत्या ते तर गेलं, कशा दिसतात ते तरी राखून ठेवायचं.

आमच्या चिरंजीवांकडे पुण्याला कॉलेजात असताना घेतलेला कॅननचा डिजिटल कॅमेरा होता. त्याचा उत्साह केव्हाच मावळला होता. तो म्हणाला, "आई, तूच वापर." कॅमेऱ्यासोबतची लेन्स १८-५५ची होती, साधी, हात हलल्याची तिला काही पर्वा नव्हती. आणि माझा हात तर हलतो.

हे लिहायला थोडी लाजच वाटते. पन्नाशी ओलांडल्यापासून माझ्या हाताला बारीकसा कंप आहे. डॉक्टरांना दाखवलं आहे, काळजीचं काही नाही म्हणाले. (तुमच्यापैकी कुणाला असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा हं, लेन्सचं मग बघू.) पण पाहुण्यांना चहा देताना बशी वाजते ना, म्हणून मी कप ट्रेमध्ये ठेवूनच नेते. घरात हे कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याने मात्र चहाडी केली. २०२२च्या दिवाळीत पणत्यांच्या उजेडात मी सासूबाईंचे चाळीसेक फोटो काढले. कॉम्प्युटरवर बघितले तर एकही धड नाही. पणतीच्या ज्योती तर गांडुळासारख्या वळवळलेल्या!

"फ्लॅश मार की," आमचे हे म्हणाले. पण मैत्रिणींनो, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फ्लॅश पडला की त्या डोळे मिटून घेतात. आणि फ्लॅशने पणतीचा उजेडच मरून जातो, मग दिवाळी काय आणि आषाढ काय!

"मोबाईल आहे ना, मग हे फॅड कशाला?" हा ह्यांचा दुसरा प्रश्न. प्रश्न काही चुकीचा नव्हता. नातवंडांचे, पदार्थांचे, सहलीचे फोटो मोबाईलवर छान येतात, चांगल्या मोबाईलमध्ये हात सावरायची सोयसुद्धा असते. पण आमच्या सासूबाईंची गंमत अशी, की कोणी समोर फोन धरला की त्या पदर सारखा करून पुतळ्यासारख्या बसतात. लांबून, माजघराच्या या टोकाकडून त्या टोकाला काढला तरच त्या स्वतःसारख्या दिसतात. त्यासाठी लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स हवी. आणि खरी मेख इथेच आहे. लांबचं जितकं जवळ आणावं, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. लांबवरची दोरी दुर्बिणीतून बघा म्हणजे कळेल, ती कशी नाचते ते.

याचा एक सोपा हिशोब मुलाने मला शिकवला, तो तुम्हालाही सांगते. लेन्सवर मिलिमीटरचे आकडे असतात, १८, ५५, १३५ असे. आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. कॅननच्या आमच्यासारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या आकड्याला १.६ने गुणायचं, निकॉनमध्ये १.५ने. १३५ला गुणलं की झाले साधारण २००. म्हणजे हातात धरून फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या २००व्या भागात मिटला पाहिजे, नाहीतर फोटो हलणार. आता माजघरातल्या एका दिव्याच्या उजेडात एवढ्या चटकन पडदा मिटवला तर फोटो काळाकुट्ट! उजेड कमी तर पडदा जास्त वेळ उघडा हवा, आणि जास्त वेळ उघडा तर हात हलतो. असा हा पेच.

हा पेच सोडवणाऱ्या लेन्स मिळतात. कॅमेऱ्यावर बदलता येणारी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली काढली. आत बारीक सेन्सर असतात, ते हात कुठल्या बाजूला हलला ते ओळखतात. लगेच एक इवलीशी मोटर आतल्या काचांचा एक गट उलट्या बाजूला सरकवते. सगळं क्षणाच्याही अंशात. मला हे काही केल्या समजेना. मग लहानपणी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायका आठवल्या. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. पायाखाली दगड येतो, कंबर लचकते, पण मान आपोआप सावरून घेते आणि कळशीतलं पाणी हिंदकळत नाही. ही लेन्स म्हणजे ती मान!

कंपन्यांनी नावं मात्र वेगवेगळी ठेवली आहेत, म्हणून दुकानात गोंधळ होतो. कॅननवर 'आयएस' लिहिलेलं असतं, निकॉनवर 'व्हीआर', टॅमरॉनवर 'व्हीसी', सिग्मावर 'ओएस' आणि सोनीवर 'ओएसएस'. काम सगळ्यांचं एकच. काही नव्या कॅमेऱ्यांत ही सोय लेन्सऐवजी कॅमेऱ्यातच असते, तेव्हा आपल्याकडे काय आहे ते आधी बघा. आणि एका कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली लेन्स सहसा दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, कुकरच्या रिंगसारखंच. आकार जुळतोय असं वाटलं तरी आपल्या कॅमेऱ्याचं नाव सांगूनच मागा.

तर अशी लेन्स घ्यायची ठरली. भिशीचे २४,००० रुपये माझे स्वतःचे होते. पण घरात प्रत्येकाचं मत वेगळं! हे म्हणाले, "१८-५५चीच आयएसवाली घे, स्वस्तातलं काम." चिरंजीव म्हणाले, "आई, १७-५० घे, एफ २.८ची. त्यात आयएस नसला तरी उजेड भरपूर येतो." जाऊबाईंच्या मुलाने फोनवर सांगितलं, "काकू, १८-२०० घ्या, एकदा घेतली की पुन्हा बघायला नको."

मी म्हटलं, थांबा. कुकर घेताना आपण काय करतो? घरात माणसं किती, रोज काय शिजतं ते आधी बघतो. मग लेन्सचंही तसंच करू. काढलेला प्रत्येक फोटो कितीच्या आकड्यावर काढला ते कॉम्प्युटरवर दिसतं. मुलाने दाखवलं आणि मी वही घेऊन बसले. माझ्या ३०० फोटोंपैकी निम्म्याहून जास्त ५५वर, म्हणजे लेन्स संपेपर्यंत ताणून काढलेले! मला आणखी पुढे जायचं होतं आणि लेन्स पुरत नव्हती. तेव्हा ह्यांची १८-५५ बाद. मुलाची १७-५० तर त्याहून आखूड. तिच्यात उजेड खरंच भरपूर येतो, एफ ५.६पेक्षा एफ २.८ला चौपट. पण माझ्या हाताचं काय? आणि २००पर्यंत लांब जायची मला गरज कधी पडणार? पक्ष्यांचे फोटो काढायला मी थोडीच जाते! शिवाय ती लेन्स जवळपास ६०० ग्रॅमची. कॅमेऱ्यासकट ते वजन गळ्यात घालून कार्यात दोन तास उभं राहायचं म्हणजे मान धरायची. उरली मधली, १८-१३५ची आयएस. वजन ४८० ग्रॅम. मला हीच पसंत पडली.

नवी परवडेना, म्हणून पुण्याला जाऊन एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात वापरलेली बघितली. दुकानातला मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा. मला बघून त्याने आधी माझ्या मागे कोणी पुरुष माणूस आहे का ते पाहिलं! मी म्हटलं, "लेन्स मलाच हवी आहे." मग क्षणभर थांबले आणि जे घरात सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं, "माझे हात थरथरतात हो. मला चालेल का ही?"

तो हसला नाही. त्याने लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि म्हणाला, "काकू, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा." १३५वर झूम करून, पडदा सेकंदाच्या १५व्या भागावर ठेवून त्याने मला रस्त्यापलीकडच्या पाटीचे फोटो काढायला लावले. पाच आयएस बंद करून, पाच चालू करून. बंद असताना पाचही वाहून गेले. चालू असताना चार फोटोंमध्ये पाटीचं अक्षर न् अक्षर वाचता आलं. मैत्रिणींनो, त्या चार फोटोंकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानात उगीच रडायचं नाही म्हणून मी चष्मा पुसत बसले.

पण निघताना त्या मुलाने एक गोष्ट बजावली, तीही लक्षात ठेवा. "काकू, ही तुमचा हात सावरेल. समोरचा माणूस हलला तर मात्र हिचा काही उपयोग नाही." मी मान हलवली, पण मनावर घेतलं नाही. डिसेंबरात पुतणीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ऐटीत लेन्स लावून गेले. पुतणीचा कोळीनाच होता. फोटोत रंगमंच कसा स्वच्छ, पडद्यावरची होडी स्वच्छ, मागच्या बाईंच्या साडीची किनारसुद्धा स्वच्छ, आणि पुतणी म्हणजे नुसता हिरवा-पिवळा ढग! नाचणाऱ्या मुलीला धरून ठेवायला पडदाच चटकन मिटायला हवा, निदान सेकंदाच्या २५०व्या भागात. त्यासाठी आयएसओ वाढवायचा. फोटोला थोडे दाणे येतात, येऊ देत. दाणेदार पण ओळखू येणारी पुतणी ढगापेक्षा बरी.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजायचं ते समजलं. हे मात्र म्हणालेच, "२४,०००चा ढग!"

मी लेन्स डब्यात घालून ठेवली ती दीड महिना काढली नाही.

मग फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. दिवे लावायची वेळ. सासूबाई माजघरात पाटावर बसून फुलवाती वळत होत्या. समोर कापूस, बाजूला दुधाची वाटी, वरून एकच दिवा. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी हळूच कॅमेरा आणला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकवला, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरली, डावा हात लेन्सच्या खाली. बटण अर्धं दाबलं आणि क्षणभर थांबले. आतमध्ये चित्र कसं नाचत असतं आणि मग एकदम पाण्यावरचा तरंग बसावा तसं शांत होतं, ते बघण्यासारखं असतं हो! श्वास सोडला आणि लागोपाठ तीन फोटो काढले. पडदा सेकंदाच्या १०व्या भागावर होता.

रात्री सगळ्यांना दाखवला. सासूबाईंचा चेहरा असा स्पष्ट, की कपाळावरची गोंदणाची खूणसुद्धा दिसत होती. बोटं मात्र वात वळताना हलली होती, तिथे नुसता पांढरा धूसर गोल. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "अगं, माझे हात कुठं गेले?"

मी म्हटलं, "आई, तुमचे हात काम करताहेत. ते कधी थांबले होते का, म्हणून फोटोसाठी थांबतील?"

त्या हसल्या. मग माझा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून बसल्या. "तुझा हात थरथरतो ते मला केव्हापासून ठाऊक आहे," म्हणाल्या, "ट्रे काढायला लागलीस तेव्हापासून."

मी अवाक! ह्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून आणला. फ्रेमसुद्धा स्वतःच पसंत केली.

आता सासूबाईंची बोटं वळत नाहीत, वाती आम्ही विकत आणतो. त्यांनी वळलेल्या शेवटच्या वातींची डबी देवघरात आहे, ती मी उघडत नाही. पण भिंतीवर त्या अजून वाती वळत आहेत. आणि आता अल्बम एकाच कपाटात ठेवायची चूक मी करत नाही. प्रत्येक फोटोची एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पुण्याला मुलाकडे आणि निवडक फोटोंची छापील प्रत वरच्या मजल्यावर.

तुमच्यापैकी कुणाला अशी लेन्स घ्यायची असेल, तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते.

जुनी घेत असाल तर लेन्सच्या एका बाजूने बॅटरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स घेऊ नका. लेन्स खाली झुकवा, झूम आपोआप घसरत असेल तर ती सैल झाली आहे. आयएसचं बटण बंद-चालू करून फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. चालू असताना बारीक गुणगुण ऐकू येते, तिला घाबरू नका.

कॅमेरा तिकाटण्यावर ठेवलात तर आयएस बंद करा, विशेषतः लेन्स जुन्या पद्धतीची असेल तर. हलत नसलेलं सावरायला गेली की ती स्वतःच फोटो हलवते. (काही माणसं असतात की नाही तशी!)

आपल्या कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. रंग बदलला की ओल भरली असं समजा आणि दाणे तापवून कोरडे करा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, आणि मुलांच्या हाताशीही नको. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड लेन्समध्ये जाते. आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या वस्तूला बुरशी धरत नाही, हे आपल्यालाही लागू आहे.

शेवटचं एक. लेन्स घेईपर्यंत थांबू नका. हातात मोबाईल असेल तर मोबाईलने, हलला तर हलला. आज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी घरातलं वडील माणूस कुठे बसलं आहे ते बघा. दाराच्या चौकटीला खांदा टेकवा, श्वास सोडा आणि बटण दाबा.